नामधारी की आदेश देणारे? कलम ३७१(२) आणि आराखड्यातली दोन वाक्यं



मागच्या महिन्यात औसा तालुक्यातल्या एका ज्युनियरने त्याचा संशोधन आराखडा माझ्याकडे वाचायला दिला. पेट पास झालाय, आता मुलाखत आहे. "ताई, फक्त भाषा बघा," म्हणाला. विषय चांगला होता: मराठवाड्यातलं तंत्रशिक्षण आणि प्रादेशिक असमतोल. भाषाही ठीकच होती. मी अडकले ती दोन वाक्यांवर.

पहिल्या पानावर लिहिलं होतं, "भारताचे राष्ट्रपती हे नामधारी प्रमुख असतात." आणि चौथ्या पानावर, "राष्ट्रपतींच्या १९९४ च्या आदेशामुळे मराठवाड्याच्या विकासाला गती मिळाली."

मी विचारलं, "अरे, नामधारी माणसाच्या आदेशाने गती कशी काय मिळाली?" तो हसला. म्हणाला, "ताई, पहिलं वाक्य गाईडमधलं आहे, दुसरं भाषणातलं."

खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांचे आराखडे असेच तयार होतात, थोडं गाईडमधून, थोडं भाषणातून. म्हणून आज या दोन वाक्यांचीच चिकित्सा करायची आहे. राज्यघटना हा माझा विषय नाही, मी भूजलातल्या फ्लोराइडवर काम करते. पण प्रयोगशाळेत एक सवय लागते. कोणतंही उपकरण हातात घेतलं की आधी विचारायचं, हे जास्तीत जास्त किती मोजू शकतं आणि कमीत कमी किती? राष्ट्रपतींच्या अधिकारांना हाच प्रश्न विचारला तर मला वाटतं दोन्ही वाक्यं पडतात. आणि ती पडताना मराठवाड्याबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट समोर येते.

आधी मूळ मजकूर

गाईड बाजूला ठेवू. घटनेच्या कलम ५३ नुसार संघराज्याचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींच्या ठायी आहे. लगेच कलम ७४ सांगतं की राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. हा सल्ला बंधनकारक आहे हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट शब्दांत लिहिलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एक छोटी खिडकी ठेवली: राष्ट्रपती मंत्रिमंडळाला एकदा फेरविचार करायला सांगू शकतात, पण फेरविचारानंतर आलेला सल्ला मानावाच लागतो.

म्हणजे घटनेत जिथे "राष्ट्रपती" हा शब्द येतो, तिथे बहुतेक वेळा मनात "केंद्रीय मंत्रिमंडळ" असं वाचायचं. "नामधारी" या शब्दात एवढं तथ्य आहे. पण तेवढंच. १९८६ मध्ये संसदेने भारतीय टपाल कार्यालय (दुरुस्ती) विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. कलम १११ मध्ये सही किती दिवसांत करायची हे लिहिलेलंच नाही. विधेयक पडून राहिलं, त्याचा कायदा झालाच नाही. नामधारी माणसाने काहीही न करता संसदेचं विधेयक थांबवलं!

हा मुद्दा लक्षात ठेवा. काहीच न करणं हीसुद्धा एक ताकद असते. आता आपल्याकडे येऊ.

कलम ३७१(२) काय म्हणतं?

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी १९५३ च्या नागपूर कराराने मागास भागांना काही आश्वासनं दिली होती. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्येच विकास मंडळांची तरतूद घटनेत आली आणि १९६० मध्ये मुंबई राज्याचे दोन भाग झाल्यावर ती महाराष्ट्र आणि गुजरात या नावांनी पुढे चालू राहिली.

कलमाचा आशय साध्या मराठीत असा: राष्ट्रपतींना आदेश काढून राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवता येईल. ही जबाबदारी तीन गोष्टींची. एक, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळं, आणि त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे. दोन, विकास खर्चाच्या निधीचं न्याय्य वाटप. तीन, तंत्रशिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी, तसंच राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी. निधी आणि सोयी या दोन्हींना अट एकच: राज्याच्या एकूण गरजा लक्षात घेऊन.

आता हा मजकूर समीक्षकाच्या नजरेने वाचा. "येईल" म्हणजे काढावाच असं नाही. "न्याय्य" म्हणजे किती, हे दिलेलं नाही. "पुरेशी" कशाच्या तुलनेत, तेही नाही. आणि "राज्याच्या एकूण गरजा" ही अट अशी आहे की तिच्यातून हवा तेवढा निधी दुसरीकडे नेता येतो. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर समीकरण लिहिलंय, पण एकाही चलाची व्याख्या नाही. शोधनिबंध असता तर परीक्षकाने पहिल्याच फेरीत परत पाठवला असता.

सदतीस वर्षं कागदावर

ही तरतूद १९५६ पासून घटनेत होती. राष्ट्रपतींचा आदेश निघाला ९ मार्च १९९४ ला. मध्ये सदतीस वर्षं गेली.

त्या काळात मागणी नव्हती असं नाही. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन झालं. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने हा प्रश्न लावून धरला. १९८३ मध्ये राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिने जिल्हा हा घटक धरला, रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागे आहे ते काढलं आणि त्याला "अनुशेष" म्हटलं. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला, त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी. त्याच वर्षी जुलैमध्ये विधानसभेने मंडळं स्थापन करण्याची शिफारस करणारा ठराव केला. तरीही आदेशाला आणखी साडेनऊ वर्षं लागली.

गंमत बघा. राज्याने ठराव करून मागितलं तरच राष्ट्रपती आदेश काढतील, असं कलम ३७१(२) मध्ये कुठेही लिहिलेलं नाही. तरी व्यवहारात मागणी रस्त्यावरून, ठराव मुंबईतून आणि सही दिल्लीतून अशीच वाट तयार झाली. १९९४ मध्ये सही शंकरदयाळ शर्मांची होती, राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर होते आणि मंडळं १ मे १९९४ पासून कामाला लागली. सही करणाऱ्याचं नाव आपण पाठ करतो. पण ती सही व्हायला इतका वेळ कोणी आणि का लावला, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे.

वरची मर्यादा: नांदेड आणि लातूरचे दोन गृहमंत्री

राष्ट्रपतींच्या अधिकाराला मर्यादा नाहीत का? आहेत की, आणि त्या भरपूर अभ्यासल्या गेल्यात. योगायोगाने त्यातल्या दोन मोठ्या प्रकरणांच्या वेळी देशाचे गृहमंत्री आपल्याच दोन जिल्ह्यांतले होते.

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडल्यानंतर उत्तर प्रदेशात आणि मग मध्य प्रदेश, राजस्थान, हिमाचल प्रदेशात कलम ३५६ खाली राष्ट्रपती राजवट लागली. तेव्हा गृहमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. शेवटच्या तीन राज्यांचा प्रश्न एस. आर. बोम्मई खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे आला. निकाल लागला ११ मार्च १९९४ ला, म्हणजे आपल्या ३७१(२) च्या आदेशानंतर फक्त दोन दिवसांनी! न्यायालयाने त्या तीन राज्यांतली कारवाई वैध ठरवली. पण त्याच निकालात सांगितलं की राष्ट्रपतींची उद्घोषणा न्यायालयीन तपासणीच्या पलीकडे नाही. सल्ला काय दिला हे न्यायालय विचारणार नाही, पण तो कोणत्या आधारावर दिला हे तपासेल.

दुसरं प्रकरण २००५ चं. बिहार विधानसभा एकदाही न भरता विसर्जित झाली. गृहमंत्री होते लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम मॉस्कोत होते, तिथे कागद पोचला आणि तिथेच सही झाली. रामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. सविस्तर निकाल जानेवारी २००६ चा आहे.

या दोन निकालांतून एक गोष्ट पक्की होते. राष्ट्रपतींच्या नावाने सरकारने अधिकार *जास्त* वापरला किंवा चुकीचा वापरला, तर त्याला वरची मर्यादा आहे आणि ती न्यायालय दाखवू शकतं.

खालची मर्यादा कुठाय?

आता उलटा प्रश्न. अधिकार वापरलाच नाही तर?

इथे मला आपल्या अभ्यासक्रमातली मोठी पोकळी दिसते. "राष्ट्रपतींचे अधिकार व मर्यादा" या धड्यात मर्यादा म्हणजे नेहमी वरची मर्यादा. मराठवाड्याचा अनुभव मात्र वेगळा आहे. ३७१(२) च्या बाबतीत आपल्याला त्रास झाला तो राष्ट्रपतींनी जास्त केल्यामुळे नाही. १९५६ ते १९९४ त्यांच्या नावावरचा अधिकार नुसता पडून राहिला, त्याचा त्रास झाला. "आदेश काढता येईल" या शब्दांना तळ नाही. किती वर्षांत काढायचा, नाही काढला तर कारण कोणाला सांगायचं, यातलं काहीही त्या कलमात नाही.

हेच पुढेही घडलं. घटनेत मंडळांना मुदत नाही, पण प्रत्यक्षात मंडळं मुदतीवर चालली. मुदत वेळोवेळी वाढत गेली आणि ३० एप्रिल २०२० ला संपली. कोणी मंडळं मोडली नाहीत, कोणी आंदोलन करण्याजोगा निर्णय जाहीर केला नाही. फक्त मुदत वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्रचनेसाठी केंद्राकडे शिफारस करायचं ठरवलं. पण शिफारस म्हणजे आदेश नव्हे. परत तीच वाट: मुंबईचा ठराव, दिल्लीची सही.

आणि यात आपलं, म्हणजे संशोधन करणाऱ्यांचं थेट नुकसान आहे. कलमातली सगळ्यात ठोस गोष्ट होती ती दरवर्षीचा अहवाल विधानसभेपुढे ठेवण्याची. मंडळच नसेल तर अहवाल कोणाचा ठेवणार? आकडेवारीची मालिका तुटली की असमतोल वाढला की कमी झाला, हे सांगणाऱ्याकडे पुरावा उरत नाही. मग भाषणं उरतात. आणि भाषणातली वाक्यं आराखड्यात येतात.

आता "मुळे" या शब्दाकडे

ज्युनियरचं दुसरं वाक्य आठवा: आदेशा*मुळे* गती मिळाली. संशोधनात "मुळे" हा सगळ्यात महागडा शब्द आहे. तो तीन ठिकाणी तपासून बघू.

पहिलं, १९९४ मध्येच, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड-लातूरच्या हजारो मुलामुलींचं उच्च शिक्षण त्याने जवळ आणलं, माझंही. आदेश मार्चमधला, विद्यापीठ सप्टेंबरमधलं. जोडायचा मोह होतो. पण विद्यापीठ आलं राज्याच्या निर्णयाने, औरंगाबादच्या विद्यापीठाच्या विभाजनातून. ३७१(२) मध्ये तंत्रशिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण आहे, सर्वसाधारण विद्यापीठाचं नाव नाही. एकाच वर्षात घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही.

दुसरं, दांडेकर समितीनंतर निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ चा अनुशेष काढला: राज्याचा १४,००६.७७ कोटी, मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी. अनेक लेखांत ७५० वरून ४,००४ कोटी, म्हणजे "पाचपटीहून जास्त वाढ" असं लिहिलेलं असतं. थांबा. दोन्ही आकडे वेगवेगळ्या वर्षांच्या किमतींचे आहेत. शिवाय सरासरी स्वतःच वर सरकलेली असते. रुपयांची तुलना करण्याआधी किमतींची दुरुस्ती हवी. त्यापेक्षा हिस्सा बघणं जरा सुरक्षित: एकूण अनुशेषात मराठवाड्याचा वाटा सुमारे २३.६ टक्के होता, तो सुमारे २८.६ टक्के झाला. म्हणजे मंडळं सुरू होण्याआधीच्या दहा वर्षांत आपण इतरांच्या तुलनेत आणखी मागे पडलो. सावधपणे काढला तरी निष्कर्ष गंभीरच आहे. आणि हो, लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्याआधीची आकडेवारी वापरताना हे विसरू नका.

तिसरं, एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर पाणी. आमच्या लातूरच्या मावशीकडे त्या दिवसांत पाहुणा आला की आधी पाण्याचा हंडा बघायचे, मग चहाचं विचारायचे. तेव्हा विकास मंडळ अस्तित्वात होतं. त्यामुळे "मंडळ नाही म्हणून मराठवाडा मागे" हे वाक्यही तितकंच घाईचं आहे. मंडळ असणं पुरेसं नव्हतं. ते आवश्यक होतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तोच तपासण्यासारखा आहे.

शेजारी काय झालं?

तुलनेसाठी फार लांब जायची गरज नाही. देगलूर किंवा उदगीरहून पलीकडे गेलात की बीदर. १९५६ पर्यंत मराठवाडा, तेलंगणा आणि बीदर-गुलबर्ग्याचा भाग एकाच हैदराबाद राज्यात होता. राज्य तिघांत वाटलं गेलं आणि तिघांना घटनेत वेगवेगळी कलमं मिळाली. तेलंगणाला आंध्र प्रदेशासोबत ३७१घ, त्याखालच्या १९७४ च्या राष्ट्रपती आदेशात विद्यापीठ प्रवेशात ८५ टक्के जागा स्थानिकांसाठी होत्या. बीदरकडच्या भागाला ९८ व्या घटनादुरुस्तीने ३७१ञ मिळालं, तिथे कलमातच शिक्षणसंस्थांतल्या जागा आणि सरकारी पदं यांच्या राखीव प्रमाणाचा उल्लेख आहे. या कलमांतही शब्द "येईल" असाच आहे. फरक एवढाच की तिथे मोजता येतील अशा वस्तू आहेत: जागा, पदं, टक्के. विद्यार्थी कोर्टात जाऊन म्हणू शकतो, माझी जागा कुठाय? "पुरेशी संधी कुठाय?" असं म्हणून कोर्टात काय मागणार?

तरी आकडा आला म्हणजे न्याय आला, असंही नाही. वैद्यकीय प्रवेशाचा ७०:३० चा नियम लातूर पॅटर्नमधल्या प्रत्येकाला आठवत असेल. सत्तर टक्के जागा आपापल्या विभागातल्या मुलांना. ऐकायला छान, पण मराठवाड्यात महाविद्यालयंच कमी, म्हणून सत्तर टक्केही कमीच. सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द झाला, तो मराठवाड्याच्याच मागणीवरून. टक्का कशाचा, हे टक्का किती याच्याइतकंच महत्त्वाचं.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, "खालची मर्यादा घातली तर राष्ट्रपती निवडून आलेल्या सरकारच्या डोक्यावर बसतील." आक्षेप रास्त आहे. राष्ट्रपतींनी स्वतःच्या मनाने आदेश काढावेत असं मीही म्हणत नाही, लोकशाहीत ते नकोच. पण मर्यादा व्यक्तीवर न घालता उत्तरावर घालता येते. विधानसभेने ठराव केला, तर ठरावीक काळात होय किंवा नाही आणि नाही असेल तर कारण, एवढं लेखी सभागृहापुढे यावं. १९८४ च्या ठरावाला असं लेखी उत्तर द्यावं लागलं असतं, तर ती साडेनऊ वर्षं निदान कोणाच्या तरी नावावर लागली असती.

मग आराखड्यात काय लिहायचं?

आम्ही दोघांनी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये बसून ती वाक्यं पुन्हा लिहिली. "नामधारी" गेलं. तिथे आलं: "राष्ट्रपतींचा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. तो चुकीचा वापरल्यास न्यायालयीन तपासणी होते, न वापरल्यास कलम ३७१(२) मध्ये कोणताही उपाय दिलेला नाही." दुसऱ्या वाक्यातलं "मुळे" गेलं. तिथे प्रश्न आला: "१९९४ ते २०२० या काळात मराठवाड्यातल्या तंत्रशिक्षणाच्या जागांचा राज्यातल्या एकूण जागांशी असलेला वाटा कसा बदलला?"

तो म्हणाला, "ताई, आता हे भाषणासारखं वाटत नाही." मी म्हटलं, "मग बरोबर लिहिलंयस."

मुलाखतीत त्याला नेमका हाच प्रश्न विचारला: मंडळ नसताना आकडे कुठून आणणार? उत्तर त्याच्याकडे पूर्ण नव्हतं. अजून कोणाकडेच नाही. पण प्रश्न त्याचा स्वतःचा होता, आणि पीएचडीची सुरुवात तिथूनच होते.

तुमच्याही आराखड्यातलं एखादं वाक्य असं गाईडमधून आलेलं असेल तर आज रात्री काढून बघा. "मुळे" शब्दाखाली रेघ मारा. पुढे काय करायचं ते मग आपोआप कळेल.